धान्यापासून वाटीपर्यंत : पूर्व नागपुरातील एका वस्तीच्या पोषणकामाच्या नोंदी

२ जून २०२५

कळमना बाजाराच्या मागच्या अंगाला असलेल्या आमच्या वस्तीत महिला बचत गटाने लहान मुलांच्या आणि गरोदर व स्तनदा मातांच्या आहाराचे काम आजपासून रीतसर हाती घेतले आहे. वस्तीतील बहुतेक पुरुष बाजारात हमाली करतात किंवा मालाचे ऑटो चालवतात. बायका घरकामाला आणि बांधकामावर जातात, आणि मोसम सुरू झाला की मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवण्या-निवडण्याच्या मोकळ्या जागेवर, देठ खुडायला बसतात. लग्नाला पाच-सहा वर्षेही न झालेली अनेक जोडपी येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि त्यांतील कित्येकांची मूळ गावे भंडारा, गोंदिया, बालाघाट किंवा छिंदवाड्याकडची आहेत. सासू-सासरे गावी, आई कामावर आणि मूल शेजारणीकडे किंवा मोठ्या बहिणीच्या कडेवर, अशी येथील दुपार असते.

कामाला निमित्त अंगणवाडीताईंनी दिले. बहुतेक घरांत रेशनचे धान्य येते, चूल रोज पेटते, तरीही सहा महिने ते दोन वर्षे या वयातील मुलांची वजने महिनोन्महिने जागची हलत नाहीत, असे त्यांचे निरीक्षण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि सुमारे २६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली होती. कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मेळघाट आणि गडचिरोली येतात. पण ज्या बाजारात धान्याचे ट्रक रात्रंदिवस रिकामे होतात, त्या बाजारापासून हाकेच्या अंतरावरही ही मुले आहेत. म्हणून आमच्या कामाची मांडणी आम्ही एकाच प्रश्नाभोवती केली आहे : दुकानातून निघालेले धान्य मुलाच्या वाटीपर्यंत पोचता पोचता कोठे कोठे अडते?

यंदा एक तातडीची बाब आहे. पावसाळ्याच्या तोंडावर जून, जुलै आणि ऑगस्ट अशा तीन महिन्यांचे धान्य एकदम उचलण्याची सूचना आहे. प्राधान्य कुटुंबातील (अन्न सुरक्षा कायद्याखाली रेशन मिळणाऱ्या गटातील) चार माणसांच्या घराला माणशी ५ किलोप्रमाणे महिन्याला २० किलो, म्हणजे एकदम ६० किलो तांदूळ-गहू मिळणार. दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत तो ठेवायचा कोठे, हा प्रश्न आजच्या बैठकीत जवळजवळ प्रत्येक बाईने विचारला.

९ जून २०२५

घरोघरी शिधापत्रिका पाहण्याचे काम सुरू केले आणि धान्य पहिल्यांदा अडते ते दुकानातही नव्हे, कार्डावरच अडते, हे लक्षात आले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला धान्य मिळते ते माणशी. ज्याचे नाव कार्डावर नाही, त्याच्या वाट्याचे ५ किलो येतच नाहीत. तरुण कुटुंबांत नेमकी दोन माणसे बाहेर राहतात. एक, नवी सून, जिचे नाव अजून माहेरच्या कार्डावर आहे आणि ते कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डावर चढत नाही. आणि दुसरे, तिचे बाळ. म्हणजे ज्या दोघांना आहाराची सर्वाधिक गरज आहे, तीच दोघे हिशेबातून गळालेली असतात. घरात पाच माणसे जेवतात आणि धान्य तिघांचे येते.

यामागचे कारण केवळ कागदपत्रांतील दिरंगाई नाही. या कायद्याखाली राज्याला ठरवून दिलेला इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची कमाल संख्या, २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. महाराष्ट्रासाठी तो सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा आहे. आमच्या यादीतील एकही बालक त्या जनगणनेच्या वेळी जन्मलेले नव्हते, आणि काहींच्या आयाही तेव्हा शाळेत होत्या. इष्टांकात जागा झाल्याशिवाय नवे नाव प्राधान्य यादीत येत नाही. शिवाय शहरी भागातील प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. नवरा-बायको दोघेही मजुरी करत असतील, तर खोलीभाडे भरून हातात काही उरत नसले, तरी ते कागदावर या मर्यादेच्या बाहेर जातात. ही मर्यादा आजच्या नागपूरच्या खर्चाला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी गटाच्या निवेदनात लिहिले आहे.

एक गोष्ट मात्र लगेच करता येण्यासारखी निघाली. बालाघाटकडच्या दोन कुटुंबांकडे मध्य प्रदेशातील चालू कार्ड होते आणि धान्य उचलण्यासाठी घरातील कोणीतरी दर दोन महिन्यांनी रोजी बुडवून गावी जात असे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ या व्यवस्थेत अंगठा लावून तेच धान्य नागपुरातील दुकानातूनही उचलता येते, हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. गटातील दोघी त्यांच्यासोबत दुकानात गेल्या आणि धान्य मिळाले.

१३ जून २०२५

नाव कमी करण्याचे दाखले, जन्मदाखले आणि आधार यांची जुळवाजुळव करण्यासाठी बारावी झालेल्या दोन मुली तयार झाल्या आहेत. ऑनलाइन अर्ज त्या भरतील आणि प्रत्येक अर्जाचा क्रमांक गटाच्या वहीत लिहून ठेवतील.

१९ जून २०२५

आज दिवसभर आम्ही घरांत बसून मुलांनी कालच्या दिवसात काय काय खाल्ले, ते विचारले. आणि जेथे जेवणाची वेळ गाठता आली, तेथे पाहिलेही. या नोंदी सविस्तर ठेवत आहे, कारण पुढचे सगळे काम यांवर उभे राहणार आहे.

एका घरी आठ महिन्यांच्या मुलीला आजी भरवत होत्या. तुरीचे वरण चुलीवरून उतरवून त्यांनी ते थोडे निवू दिले, डाळ तळाला बसली, आणि मग वरचे पिवळे पाणी पळीने अलगद वाटीत घेतले. त्यात मिठाचा खडा विरघळवून चमच्या-चमच्याने पाजले. मुलीने सगळे पाणी संपवले आणि समाधानाने हात आपटले. आजी म्हणाल्या, “घट्ट नाही पचत जी तिले. दात कुठी आले अजून? वरनाच्या पाण्यात सारं सत्त्व येते.” आजींच्या मायेत कोठेही कमतरता नव्हती. पण सत्त्व तळाशी राहिले होते. मुलाच्या पोटात एका वेळी त्याच्या वजनाच्या दर किलोला सुमारे ३० मिलिलिटर इतकेच मावते. सात किलोच्या मुलीचे पोट सुमारे २०० मिलिलिटरने भरते. ते पाण्याने भरले की भूक भागल्यासारखी वाटते आणि मूल पुढे काही घेत नाही.

मी तळाची डाळ, मऊ भात आणि अर्धा चमचा फल्लीतेल (शेंगदाण्याचे तेल) एकत्र कुस्करून आजींच्या हाती दिले. चमचा तिरपा केला, तर अन्न चटकन ओघळून पडू नये, इतके ते घट्ट असावे, एवढीच खूण सांगितली. मुलीने पहिला घास जिभेने बाहेर ढकलला, दुसराही ढकलला, आणि तिसरा गिळला. आजींनी तेवढ्यात ताट माझ्याकडून ओढून घेतले आणि उरलेले स्वतः भरवले.

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, आणि त्यानंतर दूध चालू ठेवून वरचे अन्न, हे बहुतेक आयांना ठाऊक आहे. अडचण ‘किती’ आणि ‘कसले’ येथे आहे. सहा ते आठ महिन्यांच्या मुलाला दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू २५० मिलिलिटरच्या वाटीने अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलाला अर्धी वाटी तीन-चार वेळा. आणि वर्ष पूर्ण झाल्यावर पाऊण ते एक वाटी तीन-चार वेळा, शिवाय मधल्या वेळचे खाणे, असे प्रमाण आहे. आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून वर्षाच्या मुलाला दिवसाला सुमारे ५५० कॅलरी मिळायला हव्यात. आम्ही पाहिलेल्या घरांपैकी अनेक ठिकाणी वर्षाच्या मुलाचा दिवस असा होता : सकाळी चहात बुडवलेला टोस्ट, अकराच्या सुमारास पाच रुपयांचा खारा पुडा, दुपारी झोप, संध्याकाळी आई आल्यावर भात. पुडा देणारी बहुतेक वेळा सात-आठ वर्षांची बहीण असते. आई कामावर जाताना तिच्या हातात दहा रुपये ठेवून जाते, कारण रडणाऱ्या भावंडाला गप्प करण्याचा तेवढाच उपाय त्या मुलीच्या आवाक्यात आहे. येथे आईला किंवा त्या मुलीला बोल लावून काहीही साधणार नाही.

२६ जून २०२५

अंगणवाडीताई आणि आशाताई यांच्यासोबत वजने, उंच्या आणि दंडाची मापे घेतली. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित आणि ११.५ ते १२.५ यांदरम्यान भरला, तर मध्यम कुपोषित समजतात. दोन्ही पायांवर सूज आहे का, हेही अंगठ्याने दाबून पाहिले.

चौदा महिन्यांच्या एका मुलाचा दंड ११.२ भरला. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करणे आवश्यक होते, आणि तेथे साधारण दोन आठवडे आईने सोबत राहायला हवे. बुडित मजुरीपोटी आईला तेथे काही रक्कम मिळते, पण तिची भीती वेगळी होती : दोन आठवडे न गेल्यास ती ज्या चार घरी भांडी घासते, ती कामे दुसरीला दिली जातील. गटातील चौघींनी एकेक घर वाटून घेतले आणि ती परत येईपर्यंत तिच्या नावाने कामे सांभाळण्याचे ठरवले. उपचाराचा सल्ला मिळाला, तरी तो घेता येण्यासाठी आईच्या मागे असे कोणीतरी उभे राहावे लागते; आमच्या गटाचा खरा उपयोग मला आज येथे दिसला.

१० जुलै २०२५

परवा रात्रीपासून काल दिवसभर शहरात अतिमुसळधार पाऊस झाला आणि काल शाळांना सुटी द्यावी लागली. वस्तीच्या खालच्या भागात, नाल्याकडच्या दोन ओळींत, घराघरांत गुडघाभर पाणी शिरले. ज्याची भीती पहिल्याच बैठकीत बायकांनी बोलून दाखवली होती, तेच झाले : तीन महिन्यांचे धान्य प्लास्टिकच्या पोत्यांत जमिनीवर किंवा खाटेखाली होते आणि ते तळाकडून भिजले.

आज सकाळपासून बुद्धविहाराच्या सभागृहात ताडपत्र्या पसरून धान्य वेगळे करण्याचे काम चालू आहे. विहार समितीतील ज्येष्ठांनी मागण्याआधीच कुलूप काढून दिले. पोत्याचा वरचा कोरडा भाग वेगळा काढला. नाल्याच्या पाण्यात भिजलेले धान्य खाण्यासाठी ठेवायचे नाही, हे सांगताना फार जड गेले. एका तरुण आईने भिजलेला गहू ओंजळीत घेऊन विचारले, “धुऊन, वाळवून दळला त का होते जी?” त्या पाण्यात मैला मिसळलेला आहे आणि ओल्या धान्याला बुरशी लागली की तिचे विष दळल्याने किंवा शिजवल्याने जात नाही, हे तिला समजावले. तिने गहू टाकला, पण तिच्या घरी आता ऑगस्टअखेरपर्यंत रेशनचे धान्य येणार नाही, हेही तितकेच खरे आहे. आगाऊ वाटपामागचा हेतू चांगला असला, तरी साठवणुकीची सोय नसलेल्या घरावर तीन महिन्यांचा भार एकदम टाकला, की धोकाही त्याच घराच्या माथी जातो. पंचनाम्यात धान्याचे नुकसान स्वतंत्रपणे लिहून घ्यावे, अशी विनंती आम्ही केली आहे.

ज्यांचे धान्य शाबूत आहे, अशा वरच्या ओळींतील घरांनी उसनवारीवर धान्य द्यावे आणि सप्टेंबरच्या वाटपातून ते परत घ्यावे, असे ठरले. गावाकडे सुगीपर्यंत धान्य उसने देण्याची रीत अनेकींनी लहानपणी पाहिलेली आहे, त्यामुळे कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. वहीत घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे नाव, धान्य आणि वजन लिहिले जाते.

१८ जुलै २०२५

पाणी ओसरल्यावर अपेक्षेप्रमाणे मुलांना हगवण लागली. आशाताईंनी क्षार-संजीवनीची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या वाटल्या. जुलाब थांबले, तरी झिंक पूर्ण १४ दिवस द्यायचे आणि आजारात मुलाचे खाणे तोडायचे नाही, या दोन गोष्टी आम्ही घरोघरी पुन्हा पुन्हा सांगत आहोत. ‘पोट बिघडले आहे, लंघन घडू द्या’ हा सल्ला मोठ्यांसाठी ठीक असेल. आधीच कमी वजनाच्या मुलाला तो परवडत नाही.

२९ जुलै २०२५

बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून पत्र्याच्या कोठ्या आणि झाकणाची टिपाडे आणली. ती विटांच्या थरावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवायची. पोषण पुनर्वसन केंद्रातून परतलेल्या मुलाचा दंड आज ११.७ भरला. तो आता आपणहून हात पुढे करून मागतो, असे त्याची आई सांगते.

५ ऑगस्ट २०२५

स्तनपान सप्ताहानिमित्त गरोदर आणि स्तनदा मातांची बैठक घेतली. पहिला चीक टाकून न देणे, बाळाला मध किंवा घुटी न चाटवणे, या गोष्टी आता येथे बऱ्याच रुजल्या आहेत. रुग्णालयातील बाळंतपणांचा हा लाभ म्हणावा लागेल. त्यामुळे बोलणे मुख्यतः आईच्या स्वतःच्या ताटावर झाले. घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाजीचा रस्सा आणि भात येतो. गरोदरपणी दिवसात एक जेवण जास्त घ्यायचे, हे तिला ठाऊक असते, पण ते जेवण कोणत्या वेळी आणि कशाचे, हे घरात कोणी ठरवलेले नसते.

लोहाच्या गोळ्यांविषयी बरीच चर्चा झाली. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी घ्यायची असते. अनेकींनी शौचाला काळे होते, मळमळते, म्हणून गोळ्या सोडल्या होत्या, तर काही जणी त्या सकाळच्या चहासोबत घेत होत्या. चहातील घटकांमुळे लोह अंगी लागत नाही. म्हणून गोळी रात्री जेवणानंतर, चहा-दूध टाळून आणि शक्यतो लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर घ्यावी आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, असे ठरवून दिले. काळे होणे अपायकारक नाही, हे आशाताईंनी सांगितल्यावर कित्येकींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळणारे ५,००० रुपये (३,००० आणि २,००० असे दोन हप्ते) आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास मिळणारे ६,००० रुपये यांचे अर्जही आजच्या बैठकीत भरून घेतले. बँक खाते आधारशी जोडलेले नसल्याने काही अर्ज अडले आहेत.

२३ ऑगस्ट २०२५

आज तान्हा पोळा. मुले लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरली आणि मोठी माणसे मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला शहरातील महाल भागाकडे गेली. बोजारा, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या मुलांना द्यायची भेट, म्हणून गटाने भाजलेली फल्ली आणि तीळ बारीक कुटून, गुळात वळलेले लाडू दिले. अख्खे दाणे लहान मुलांच्या घशात अडकतात, म्हणून कूट बारीकच हवे.

१ सप्टेंबर २०२५

जूनमध्ये पाहिलेली दुपार बदलण्याचा आमचा प्रयत्न आजपासून सुरू झाला. विहाराच्या सभागृहात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत एक ते तीन वर्षांच्या मुलांना सांभाळणे, दुपारचे जेवण आणि तीनच्या सुमारास खाणे, असा हा उपक्रम आहे. त्याला सगळे ‘पंगत’ म्हणू लागले आहेत. अंगणवाडीतून तीन वर्षांखालील मुलांना शिजवलेले अन्न न देता कोरडा आहार घरी दिला जातो. कायद्याने या वयाच्या मुलाला त्यातून दिवसाला ठरावीक कॅलरी आणि प्रथिने मिळणे अपेक्षित आहे. पण घरी आणलेले पाकीट घरातील सगळ्यांत वाटले जाते किंवा चव न आवडल्याने पडून राहते. आयांनी ती पाकिटे पंगतीत आणावीत आणि आम्ही त्यात पालक किंवा कोहळे किसून धिरडी करावीत, असे अंगणवाडीताईंशी बोलून ठरवले आहे.

जेवणाला दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ या प्रमाणात घट्ट खिचडी, त्यात मिळेल ती भाजी, आणि वाढताना प्रत्येक वाटीत एक चहाचा चमचा फल्लीतेल. एवढ्याशा तेलातून सुमारे ४५ कॅलरी मिळतात आणि वाटीचा आकार वाढत नाही. लहान पोटासाठी याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. आठवड्यातून तीन दिवस अंडे. विहाराच्या आवारात अंडी शिजवण्याबाबत समितीतील काही ज्येष्ठांच्या मनात संकोच होता. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलणे झाले आणि अंडी समोरच्या घरच्या चुलीवर उकडून, ओट्यावर भरवावीत, असा मार्ग त्यांनीच सुचवला. ज्या घरांत अंडे चालत नाही, त्या मुलांना दही आणि फल्लीकूट देतो.

१५ सप्टेंबर २०२५

पंगतीला हात कमी पडत होते. मुले वीसच्या घरात आणि भरवणाऱ्या तिघी. एकीने दोन मुलांकडे पाहिले, की तिसरे ताट उलटवते. या वयात मुलाच्या समोर बसून, त्याच्याशी बोलत, त्याच्या गतीने भरवावे लागते. ताट पुढे ठेवून भागत नाही.

तेव्हा एका सासूबाईंनी विचारले, की दुपारी वस्तीत एवढे बाप घरी झोपलेले असतात, ते का येत नाहीत? प्रश्न अगदी रास्त होता. भाजी बाजारातले हमाल पहाटेच्या अंधारात जातात आणि दुपारच्या आत मोकळे होतात. आई नसते त्याच वेळी बाप घरी असतो. आम्ही बाजारातून परतणाऱ्या पुरुषांशी चहाच्या टपरीवर बोललो. आज तिघे आले. त्यांतील एकाचे हात पोती उचलून इतके राठ झालेले आहेत, की मुलीच्या तोंडाला ते टोचतील, म्हणून तो सुरुवातीला चमच्यानेही भरवायला बिचकत होता. मुलीने तोंड फिरवले, तेव्हा त्याने तिला मांडीवर उलट बसवले, खिडकीतून दिसणारा बैल दाखवला आणि बैलाच्या नावाने एक घास, वासराच्या नावाने एक घास असे करत पाऊण वाटी संपवली. जाताना त्याने वाटी तिरपी करून मला दाखवली आणि म्हणाला, “ताई, घरी तं एवढं कधी खाल्लंच नाही तिनं.” पंगतीतील वाटी केवढी आहे, हे बापाने डोळ्यांनी पाहिले, आता रात्री घरी किती वाढायचे, हे आईने एकटीने ठरवावे लागणार नाही.

२२ सप्टेंबर २०२५

जुलैमध्ये दिलेले उसने धान्य बहुतेक घरांनी परत केले. नाल्याकाठच्या तीन घरांना मुदत वाढवून दिली.

१ ऑक्टोबर २०२५

उद्या दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीवर येणाऱ्या बाहेरगावच्या लोकांसाठी विहारात मुक्कामाची आणि भोजनाची व्यवस्था असल्याने पंगत चार दिवस एका घराच्या अंगणात भरेल. वस्तीतील बायका भोजनदानाचा स्वयंपाकही करणार आहेत. बाहेरून येणाऱ्या तान्ह्या मुलांच्या आयांसाठी मऊ खिचडीचे एक पातेले वेगळे ठेवण्याची सूचना समितीने आनंदाने मान्य केली.

१४ नोव्हेंबर २०२५

पुन्हा मापे घेतली. जूनमध्ये मध्यम कुपोषित गटात असलेल्या मुलांपैकी बरीचशी आता दंडाच्या मापपट्टीवरील हिरव्या पट्ट्यात, म्हणजे कुपोषणाच्या मर्यादेबाहेर, आली आहेत. पोषण पुनर्वसन केंद्रात जाऊन आलेल्या मुलाचा दंड १२.६ भरला. पण दीड वर्षाची एक मुलगी पंगतीत नियमित जेवूनही वजनात पुढे सरकलेली नाही. तिला वारंवार ताप आणि खोकला येतो. जेवण मिळूनही मूल वाढत नसेल, तर कारण ताटाबाहेर शोधले पाहिजे. म्हणून तिला अंगणवाडीताईंसोबत मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) बालरोग विभागात तपासणीसाठी पाठवले आहे आणि घरात कोणाला जुना खोकला आहे का, याचीही चौकशी करायला आशाताईंना सांगितले आहे.

मुलांच्या उंच्यांबाबत आत्ताच काही लिहिण्यासारखे नाही. खुजेपणा पाच महिन्यांत भरून निघत नाही आणि तसा दावा आम्ही कोठेही करणार नाही.

थंडीबरोबर भाज्यांचे भाव उतरले आहेत. पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) आणि कोवळे वाटाणे पंगतीत भरपूर येऊ लागले आहेत. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली आहेत. लहान आकारामुळे भाव न मिळणारी फळे हमाली करणारे बाप टोपलीने घेऊन येतात. ती बिया काढून, पाकळ्यांचे पापुद्रे सोलून जेवणानंतर लगेच देतो, म्हणजे डाळीतील आणि भाजीतील लोह अंगी लागायला मदत होते.

८ डिसेंबर २०२५

लाल मिरचीची आवक वाढू लागली आहे आणि लवकरच सातऱ्यावरची कामे पूर्ण जोमाने सुरू होतील. तेथे मजुरी खुडलेल्या किलोवर असते, त्यामुळे बायका सकाळी लवकर बसतात आणि तान्ही मुले सोबत नेतात. मिरचीच्या धसेने मोठ्यांचेही डोळे झोंबतात. मुलांना तेथे खोकला लागतो आणि हात तिखट असल्याने आया त्यांना पाजायलाही कचरतात. म्हणून उद्यापासून पंगत सकाळी आठला उघडेल आणि संध्याकाळी सहाला बंद होईल. वर्षाखालच्या मुलांनाही घेण्याचे ठरले आहे. त्यांना पाजण्यासाठी दुपारी अर्धा तास आयांना सोडावे, याबाबत सातऱ्याच्या मालकांशी बोलणे चालू असून एकाने होकार दिला आहे.

वाढीव वेळेसाठी दोन पूर्णवेळ सांभाळणाऱ्या लागतील. त्यांचे मानधन आयांच्या रोजच्या दहा रुपयांतून, म्हणजे पूर्वी पुड्यावर जाणाऱ्या पैशांतून, आणि गटाच्या निधीतून भागवू. थंडीत अंडी महागतात, म्हणून अंड्यांसाठी वेगळी वर्गणी हवी. बाजारातील हमालांनी ती आपापसांत गोळा करण्याचे मान्य केले आहे.

शिधापत्रिकेत नाव चढवण्याच्या अर्जांपैकी काहींचा निकाल लागला आणि नव्या सुनांची काही नावे लागली. बाळांची बरीच नावे इष्टांकाअभावी प्रलंबित आहेत. अर्जांच्या क्रमांकांची यादी आणि उत्पन्नमर्यादेबाबतचे निवेदन घेऊन गटातील पाच जणी येत्या आठवड्यात अन्नधान्य वितरण कार्यालयात जातील. यादीच्या दोन प्रती काढायच्या आहेत. पोच घेतलेली प्रत विहारातील कपाटात, वहीसोबत राहील.